घड्याळजींची झुकिनी

घड्याळजींच्या परसातल्या पिवळ्या झुकिनीला फुलं भरभरून आली, पण फळ काही धरेना. शेवटी घड्याळं साफ करायचा बारीक ब्रश घेऊन ते नरफुलातले पराग मादीफुलाला लावू लागले.

“सकाळी सकाळी कुणाची लग्नं जुळवताय?” बायकोनं खिडकीतून विचारलं.

“जुळलं तर जेवण तुझ्याकडे!”

आठवड्याभरात पिवळीधमक झुकिनी धरली. घड्याळजी रोज तिला गोंजारायचे, पण तोडायचं नाव घेईनात. अखेर बायकोनंच ती तोडली, चकत्या करून लसूण-मिरीवर परतली. घड्याळजी तोंड पाडून जेवायला बसले.

“एवढं जिवावर येत असेल, तर तुमच्या वाटची मी खाते,” ती म्हणाली.

त्यांनी ताट झटकन जवळ ओढलं. दुसऱ्यांदा वाढून घेताना मात्र तिच्याकडे बघायचं टाळलं.