धर्मपालची मूठ

तिसऱ्या गोळीला पिस्तूल पुन्हा अडकलं. शकुनने चापावरचं बोट काढलं, नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच ठेवली आणि मान वळवली.

"पाहा काका. रिकामी पुंगळी अर्ध्यातच फसून राहिली."

"सायलेन्सर काढून चालव बरं," खुशालराव म्हणाले.

तिने सायलेन्सर उतरवला आणि दहा गोळ्या झाडल्या. दहाही विनातक्रार सुटल्या. शकुन अमरावतीच्या पोलीस शस्त्रागारात हत्यारांची देखभाल करणारी आर्मरर होती. तेच काम खुशालराव एकतीस वर्षं करून चार वर्षांमागे निवृत्त झाले होते. हत्यार ऐकेनासं झालं की साहेबांना विचारून ती त्यांना रेंजवर बोलावून घ्यायची.

"मंग चालवणाऱ्याची मूठ ढिली पडत असन," ते सवयीने बोलून गेले. "पुढं वजन आलं की हात झुकते."

"सहा जणांनी चालवून पाहिलं काका. आता म्या चालवलं. साऱ्यांचीच मूठ ढिली?"

शकुनने टेबलावर फडकं अंथरलं आणि सायलेन्सरचं मागचं टोपण फिरवायला घेतलं.

"हे उघडाची परवानगी नसते," ते म्हणाले.

"म्या पत्र टाकून मागतली. आठ दिवसांत आली."

आत एक आखूड स्प्रिंग होती. गोळी सुटताना सायलेन्सरचं ओझं क्षणभर नळीवरून उचलून धरायचं, एवढंच तिचं काम. काजळी साचून ती दगडासारखी थिजली होती. शकुनने नखाने दाबून पाहिली; हलली नाही.

खुशालरावांनी चष्मा लावला आणि सायलेन्सरवरचा नंबर वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"हा कुठून आला?"

"कोठीत पडून होता. मागच्या महिन्यात बाहेर काढला."

सहा वर्षांपूर्वी हाच नंबर त्यांनी आपल्या हाताने अहवालात लिहिला होता. चोरटी हत्यारं विकणारी एक टोळी पकडायला विशेष पथक मेळघाटच्या पायथ्याशी गेलं होतं. पहिल्याच गोळीनंतर धर्मपालचं पिस्तूल अडकलं, आणि समोरून आलेल्या गोळीने त्याचा जोडीदार अनुप याचा गुडघा फुटला. चौकशीत आर्मररचं मत मागवलं. खुशालरावांनी सायलेन्सर काढून पन्नास गोळ्या झाडल्या; एकही अडकली नाही. सायलेन्सर उघडायचा तर वर पत्र पाठवावं लागणार होतं, आणि साहेबांना कागद संध्याकाळपर्यंत हवा होता. त्यांनी लिहिलं, 'पिस्तूल निर्दोष. चालवणाऱ्याची पकड सैल.' धर्मपालला पथकातून काढून फाटकावर उभं केलं. वर्षाच्या आत तो राजीनामा देऊन अकोटला आपल्या शेतावर निघून गेला.

शकुनने स्प्रिंग धुऊन, तेल देऊन परत बसवली. मॅगझिन पूर्ण रिकामं झालं, पिस्तूल एकदाही अडलं नाही. ती समाधानाने हसली. खुशालराव चहालाही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते अंजनगावमार्गे अकोटला उतरले आणि विचारत विचारत शेतावर गेले. धर्मपाल झेंडूच्या ओळीत वाकला होता. कानांवरचे केस पांढरे झाले होते. त्याने ओळखलं, फुलांची टोपली खाली ठेवली आणि बायकोला, रूपालीला, खाट टाकायला सांगितली.

खुशालराव बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. स्प्रिंगचं, न पाठवलेल्या पत्राचं, संध्याकाळच्या घाईचं.

"तुयी काई चूक नोती," ते शेवटी म्हणाले. "तू तवा मले सांगतलं होतं, घट्ट धरलं होतं म्हणून. म्या ऐकलं नाई."

धर्मपालने हाताला चिकटलेली पाकळी काढून टाकली.

"पयले मले खात्री होती," तो म्हणाला. "मंग तुमचा कागद वाचला. वाटलं, एवढा जाणता माणूस, हा खोटं कायले लिहिन. आपलीच मूठ सुटली असन. माह्यापायी अनुपचा पाय गेला."

"मी साहेबाले लिहून देतो. आजच."

"देजा. त्यानं आता काय होते, मले नाई माईत."

रूपाली पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होती. तिने तो खाटेवर ठेवला.

"अनुपभाऊ तं दवाखान्यातूनच सांगत होते," ती म्हणाली. "पिस्तुलाचीच खोट आहे म्हणून. किती फोन केले त्यायनं."

"मले वाटे, दया करून राहिला," धर्मपाल म्हणाला. "म्या उचलनं बंद केलं. मंग त्याचे फोनही बंद झाले."

खुशालराव खाटेवर टेकले. सहा वर्षांत पेन्शनीचे कागद, मुलीचं लग्न, डोळ्याचं ऑपरेशन, सगळं वेळच्या वेळी उरकलं होतं. या दोघांची आठवण त्यांना कितीदा झाली होती, ते त्यांनी मनात शोधून पाहिलं आणि मान खाली घातली.

"कुठं असते अनुप?"

"तिवशाले. दुकान टाकलं म्हणते."

"लाव त्याले फोन."

धर्मपालने खिशातून मोबाइल काढला, नंबर शोधला, आणि अंगठा तसाच वर धरून राहिला. मग त्याने मोबाइल खुशालरावांच्या हातात दिला.

"तुमीच लावा. तुमीच सांगा त्याले. मले नाई जमत."

खुशालरावांनी नंबर दाबला. काय बोलायचं ते जुळवत त्यांनी फोन कानाला लावला. आपलं नाव सांगायचं, मग हुद्दा, मग सायलेन्सरचा नंबर. दोनदा घंटी वाजली.

"बोल, धर्मा," पलीकडून आवाज आला. मागे गिऱ्हाइकांची गलबल होती. ती थोडी दूर गेली. "बोल ना. ऐकून राहिलो मी."

खुशालरावांनी फोन धर्मपालच्या कानाशी धरला, त्याने तो हातात घेईपर्यंत तसाच धरून ठेवला, आणि बांधाच्या कडेने रस्त्याकडे चालू लागले.