एक तास जास्त

"एक तास जास्त घे रे," असं थोरला दर नांगरणीला म्हणायचा, आणि मी घ्यायचो. खोटं कशाला बोलू? ट्रॅक्टर माझा, नांगर माझा, पण शेत त्याचं. मालकानं सांगितलं वाटेत एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, घाल, की मी लिव्हर खाली करायचो आणि वाटेची वीतभर माती त्याच्या शेतात पलटी व्हायची. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या अंगाला धाकटा उभाच असायचा. "कालच्यापेक्षा कमी नको बरं का," म्हणायचा. मी तिकडूनही घ्यायचो.

सडकेपासून त्या दोघा भावांच्या घरांपर्यंत चारपाचशे पावलांची ती वाट. त्यांच्या बापानं सोडली तेव्हा दोन बैलगाड्या एकमेकींना घासल्याशिवाय जायच्या. बारा वर्षांत मी ती दोन्हीकडून कुरतडली. माझा ट्रॅक्टरसुद्धा शेवटी अंग चोरून जायचा. थोरल्याची बायको, आमची वहिनी, मला पाणी द्यायला यायची तेव्हा म्हणायची, "भाऊजी, आता आम्ही काय उडत जायचं का?" आणि हसायची. मीही हसायचो. आता त्या हसण्याची चीड येते.

त्या दिवशी मी थोरल्याच्या घरामागचं पडीक नांगरत होतो. ऊन चांगलं वर आलं होतं. वहिनी गवत कापायला बसली होती ती एकदम ओरडली. विळा टाकून पायाला धरून बसली. साप मी डोळ्यांनी बघितला, काळा, बारीक, दगडाखाली गेला. थोरल्यानं फोन लावला आणि नशीब बघा, दवाखान्याची गाडी वीस मिनिटांत सडकेला आली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

धाकट्यानं सकाळपासून गव्हाला पाणी सोडलं होतं. वाटेच्या काठाला आता माती कुठली उरलीय? दोन्हीकडून पोखरलेली. गाडी निम्म्यावर आली आणि डावं चाक त्याच्या ओल्या गव्हात आसापर्यंत गेलं. ड्रायव्हर खाली उतरला आणि पुढंमागं बघत म्हणाला, "अहो, ही वाट आहे का बांध? कोणी केली ही अशी?"

मी खाली बघितलं.

आम्ही चौघांनी वहिनीला खाटेवरून गाडीपर्यंत नेलं. तोवर तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या, जीभ जड झाली होती. गाडीतल्या नर्सबाईनं तिच्या तोंडावर मास्क लावला आणि निक्षून सांगितलं, "आता हिला इथून हलवायचं नाही. श्वासाचं मशीन गाडीत आहे. औषध दवाखान्यात आहे. गाडी काढा."

ड्रायव्हर म्हणाला, "मागून ओढायला पाहिजे. सडकेकडून."

ट्रॅक्टर माझा घराकडं. मधे वाटेत गाडी आडवी फसलेली. सडकेकडं जायचं तर कुणाच्या तरी उभ्या पिकातून जायचं. एका अंगाला धाकट्याचा गहू, दुसऱ्या अंगाला थोरल्याचा कांदा, आठ दिवसांत काढायला येणारा. मी ट्रॅक्टर आणून उभा केला आणि विचारलं, "कुठून घेऊ?"

देवा, मी विचारलं कशाला!

"त्याच्या गव्हातून घे," थोरला म्हणाला. "वरच्या अंगानं. तिथं पाणी पोचलेलं नाही. त्याच्याच पाण्यानं गाडी फसलीय."

"माझ्या गव्हातून?" धाकटा ट्रॅक्टरपुढं येऊन उभा राहिला. "बायको कुणाची? कांदा कुणाचा? स्वतःचा कांदा सोन्याचा आणि माझा गहू फुकटचा व्हय?"

"वाट तू खाल्लीस!"

"आणि तू काय उपास केलास?"

"आधी बापाच्या खुणेचा दगड कोणी उपटला? बोल ना! सगळ्यांच्या देखत बोल!"

बारा वर्षांचं सगळं बाहेर आलं. दगड आला, विहीर आली, लग्नातलं मानपान आलं. ड्रायव्हर हात जोडत होता. मी सीटवर बसून एकदा ह्याच्या तोंडाकडं, एकदा त्याच्या तोंडाकडं बघत होतो, कारण दोघंही माझी गिऱ्हाइकं. गाडीचं मागचं दार उघडंच होतं. आतून वहिनीचा आवाज आला, तोंडात कापूस कोंबल्यासारखा. "अहो... जाऊ द्या कांदा..."

थोरला तिच्याकडं न वळताच म्हणाला, "तू गप पड. हा हक्काचा प्रश्न आहे."

त्यानंतर ती काही बोलली नाही.

थोड्या वेळानं नर्सबाई दारात आली आणि आम्हा सगळ्यांना अशी शिवी दिली, की तशी मी बाईच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तेव्हा कुठं माझा पाय क्लचवर गेला. मी कुणाला न विचारता ट्रॅक्टर कांद्यात घातला. थोरला मागून पळत ओरडत होता, "कडेनं घे! अरे, कडेनं घे!"

दोर बांधून गाडी ओढायला दोन मिनिटं लागली. भांडायला पंचवीस लागली होती.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं तिची नाडी बघितली आणि एवढंच विचारलं, "अर्धा तास आधी का नाही आणलं?" थोरला भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. धाकटाही रडला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. मला वाटलं, चला, बाई गेली पण वाट मोकळी करून गेली.

दोन महिन्यांनी गहू निघाला. थोरल्यानं बोलावलं म्हणून मी नांगर जोडून गेलो. माणूस निम्मा झाला होता, दाढी वाढलेली, सदऱ्याला एकच गुंडी. त्यानं विचारलं, "धाकट्याचं झालं?"

"काल झालं."

"किती घेतलं वाटेतलं?"

मी नांगराची पिन चाचपली. मग म्हणालो, "एक तास."

"मग आपण का मागं राहायचं? घे एक तास जास्त."

"दादा," मी म्हणालो, "अहो, वाट केवढी राहिलीय बघा तरी. वहिनींचं..."

"माझ्या घरातून आता कुणाला न्यायचंय?" तो म्हणाला. आणि धाकट्याच्या घराकडं बघत राहिला. तिथं धाकट्याची सून ओट्यावर कपडे वाळत घालत होती. सातवा महिना, एक हात कमरेवर. "न्यायचं झालं तर आता तिकडूनच न्यायचंय. बघू त्याची गाडी कुठून येते."

नको म्हणायला पाहिजे होतं, ट्रॅक्टर वळवायला पाहिजे होता. पण मी नाही म्हणालो असतो तर उद्या दुसऱ्याचा ट्रॅक्टर आला असता, असं मी स्वतःला सांगितलं. बारा वर्षं हेच सांगत आलोय.

मी लिव्हर खाली केला. त्या गाडीच्या चाकाचा खड्डा अजून तसाच होता, वाळून दगडासारखा झालेला. फाळ त्यात अडला. थोरला म्हणाला, "जोर लाव." मी जोर लावला.