बटणचा ताप

बालवाडीला सुट्टी लागून दहा दिवस झाले होते. टेलरबाईंची चार वर्षांची लेक, जिला सगळे बटण म्हणत, रोज पायरीवर बसून कुरळीची वाट बघायची. कुरळी तिची एकुलती एक मैत्रीण. आणि आज शेजारणीने मोबाईलवर फोटो दाखवला: कुरळीच्या घरी वर्गातली पाच पोरं उशांचा किल्ला करून खेळतायत. बटणचा पत्ता नाही.

टेलरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धवट कापलेलं कापड तसंच टाकून, लेकीचा हात धरून त्यांनी तडक कुरळीचं घर गाठलं.

"टेलरची पोर चालत नाही का तुम्हाला?" दार उघडताच त्यांनी तोफ डागली.

कुरळीची आई नर्स, नुकतीच ड्यूटीवरून आलेली. ती बघतच राहिली. "अहो, तीनदा फोन केला! बालवाडीच्या फॉर्मवर तुमच्या सासूबाईंचा नंबर आहे ना. दरवेळी म्हणाल्या, पोरीला ताप आहे. मी औषधसुद्धा सांगितलं."

"मला ताप नाहीये," बटण म्हणाली. तोवर कुरळीने तिला आत ओढून नेलं.

मशीनच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, म्हणून तो नंबर टेलरबाईंनीच दिला होता. लेकीला तिथेच ठेवून त्या तणतणत घरी आल्या. सासूबाई लसूण सोलत होत्या.

"आई, धडधाकट पोरीला आजारी पाडलंत? लाज नाही वाटली?"

"लाजेपायीच केलं," सासूबाई म्हणाल्या. "आज आपली गेली की उद्या त्यांची येणार. बसवू कुठे? खाटेवर गिऱ्हाइकांचे कपडे, खाली तुझं मशीन. मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या पोराचा नुसता हात लागला कापडाला, तर केवढी खेकसलीस! रडत गेलं बिचारं. 'दुसऱ्याचं पोर या खोलीत दिसता कामा नये,' हे कोण म्हणालं होतं?"

 टेलरबाईच म्हणाल्या होत्या. राग अजून अंगात मावत नव्हता, पण आता तो स्वतःचाच येत होता. त्यांनी खाटेवरचे गठ्ठे उचलून धपाधप मशीनवर आदळले. गिऱ्हाइकं गेली खड्ड्यात!

"उद्या मशीन बंद," त्या ओरडल्या. "आणि कुरळीला आणायला तुम्हीच जायचं, आई. तिच्या आईला तोंडावर सांगायचं, ताप पोरीला नव्हता, आम्हा दोघींना होता."