साळूबाईचा प्रश्न

हर्सूलच्या तुरुंगातल्या बायकांना अक्षरं शिकवायला कोण जाईल, असं औताडे सरांनी वर्गात विचारलं तेव्हा सुवार्ता दाभाडेचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. तिचं बी.एड.चं वर्ष होतं. सराव पाठांखेरीज प्रत्येकाला काहीतरी समाजकार्य करावंच लागे. बाकीच्यांनी झाडं लावणं घेतलं, सफाई घेतली. प्रौढ शिक्षणाची मोहीम तेव्हा नवी नवी निघाली होती. सुवार्ताला वाटलं, हे काम आपल्यासाठीच राखून ठेवलेलं आहे. मुकुंदवाडीच्या एका ख्रिस्ती उपदेशकाची ती मुलगी. बंदीत पडलेल्यांना भेटायला जावं, हे तिनं दर रविवारी ऐकत लहानपण काढलं होतं.

तास संपल्यावर सरांनी तिला थांबवलं.

"दाभाडे, एक अट आहे. तुरुंगाच्या साहेबांनी घातली आहे आणि मलाही ती मान्य आहे. धर्माचं काही बोलायचं नाही. प्रार्थना नाही, गीतं नाहीत, गोष्टीसुद्धा नाहीत. जमेल?"

"जमेल, सर."

"नावातच सुवार्ता आहे तुमच्या, येशूची शुभवार्ता, म्हणून विचारलं," सर हसून म्हणाले. तीही हसली. पण जिना उतरताना तिला कसंसंच वाटायला लागलं. इतक्या झटकन हो म्हणायला नको होतं का?

घरी तिच्या वडिलांनी, योनाथान दाभाड्यांनी, सगळं ऐकून घेतलं. ते खाटेवर बसून चष्मा पुसत होते.

"शब्द दिलास?"

"दिला, पप्पा."

"तुझा आजा पैठणच्या अलीकडं गावकुसाबाहेर राहायचा. मेलेली ढोरं ओढायचा. मिशनच्या मास्तरांनी त्याला झाडाखाली बसवून अक्षर शिकवलं. आपल्या घरात अक्षर अन् येशू एकाच दारानं आत आले, सुवार्ता. तू आता एकाला आत घेणार अन् दुसऱ्याला बाहेर उभं करणार?"

"सरकारी काम आहे ते."

"मग सरकारी माणसांना करू दे."

तरी ती गेली.

बायकांच्या बराकीसमोर एक लिंबाचं झाड होतं, त्याखाली वर्ग भरायचा. आवडाबाई नावाची शिपाईण पहाऱ्याला स्टूल टाकून बसायची. बायका पाट्या घेऊन ओळीनं बसत, एकमेकींच्या अक्षराला हसत, मधेच भांडत. सुवार्ताला हे आवडायला लागलं. फक्त एक बाई ओळीत यायची नाही. ती भिंतीला टेकून, पाटी मांडीवर उलटी ठेवून बसायची. साळूबाई तिचं नाव.

"तिच्या नादी लागू नका, बाई," आवडाबाईनं फाटकाशी सांगितलं. "नवऱ्याच्या माराला कटाळून दोन लेकरं घेऊन हिरीत उडी टाकली तिनं. लेकरं गेली, ही वाचली. लोकांनी वर काढली अन् कोर्टानं जल्मठेप दिली. कुणाशी बोलत नाय ती."

पण ती बोलली. एकदा सुवार्ता पेन्सिली वाटत तिच्यापाशी आली, तेव्हा साळूबाईनं पहिल्यांदा मान वर केली.

"बाई, तुमी किरिस्ताव का?"

"हो."

"तुमच्यात मेलेली लेकरं कुठं जात्यात?"

सुवार्ताच्या हातातल्या पेन्सिली तशाच राहिल्या.

"अन् त्यांना मारणारीला तिथं येऊ देत्यात का?" साळूबाईनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, बस कधी येते असं विचारावं तसा.

सुवार्तानं आवडाबाईकडे पाहिलं. आवडाबाई इकडेच बघत होती.

"साळूबाई," सुवार्ता म्हणाली, "आज आपण 'म' गिरवू."

साळूबाईनं मान खाली घातली.

त्या दिवशी सुवार्ता दोन स्टॉप आधीच बसमधून उतरली आणि चालत सुटली. घरी आली तरी तिला एका जागी बसवेना. तांदूळ धुवायला घेतले आणि तसेच सोडून दिले. दुसऱ्या दिवसाच्या पाठाचं टाचण काढलं, त्यातली उद्दिष्टं लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. शाळेत सराव पाठ चालू असताना ती फळ्याकडे तोंड करून खडू हातात धरून नुसतीच उभी राहिली. मागं मुलं खुसखुसायला लागली तेव्हा तिला भान आलं. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, द्राक्षरसाचा प्याला जवळ आला तेव्हा, मन साफ नसताना तो घेऊ नये म्हणून, तिनं तो न घेता पुढं जाऊ दिला. योनाथाननी ते पाहिलं.

चर्चमधून परतताना त्यांनी विचारलं आणि तिनं सांगून टाकलं.

"अगं, मग सांगायचं ना तिला!" ते रस्त्यातच थांबले. "ती तोंड उघडून विचारते, आणि तू 'म' गिरवायला लावतेस?"

"शब्द दिलाय मी. मोडला तर वर्ग बंद होईल. बाकीच्या बायकांनी काय करायचं?"

"अन् दृढीकरणाच्या वेळी बिशपसमोर, ख्रिस्ताची साक्ष देईन असा शब्द दिला होतास, तो?"

"पप्पा, तुम्ही कधी तुरुंगात गेलात?" ती एवढ्या जोरात बोलली की पुढं चाललेल्या बायकांनी वळून पाहिलं. योनाथान पुढं चालायला लागले. घर येईपर्यंत दोघं वेगवेगळे चालले.

सोमवारी ती औताडे सरांकडे गेली. एकाच बाईपुरती अट सैल करता येईल का, असं तिनं विचारलं. सरांनी मान हलवली.

"आज तुम्ही बोललात, उद्या दुसरा बोलेल, आणि कैद्यांना तर उठून जाताही येत नाही. विद्यार्थी पाठाबाहेरचं विचारतो तेव्हा शिक्षकानं 'मला माहीत नाही' म्हणावं. त्यात कमीपणा नाही."

"पण मला माहीत आहे, सर."

"माहीत आहे, की तुम्हाला ते शिकवलेलं आहे?"

ते रागानं बोलले नव्हते. पण ते वाक्य तिच्या अंगात काट्यासारखं मोडून राहिलं. चर्चमधल्या रविवारच्या शाळेत ती सगळी उत्तरं तोंडपाठ म्हणायची, बक्षिसं मिळवायची. त्यातलं एक तरी तिनं कधी स्वतःहून विचारलं होतं का? तिला आठवेना. प्रार्थनेला बसली की गुडघे दुखतात एवढंच जाणवायचं आणि ती उठून अंगणात फेऱ्या मारायची.

पुढच्या वर्गाला ती थेट भिंतीपाशी गेली. धर्माचं बोलायचं नव्हतं. आणि गप्पही राहवत नव्हतं. ती साळूबाईसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "साळूबाई, लेकरांची नावं काय होती?"

साळूबाईचा चेहरा आधी कोरा झाला. मग तिनं पाटी उचलून भिंतीवर आपटली. तुकडे उडाले. "नाव घेऊ नको! नाव घेऊ नको त्यांचं!" असं ओरडत ती डोकं भिंतीवर आदळायला लागली. आवडाबाई धावली, आणखी दोघी धावल्या. तिघींनी मिळून तिला धरलं, तरी ती आवरत नव्हती. सुवार्ता एका बाजूला उभी राहिली. तिच्या पदरावर रक्ताचे थेंब पडले होते आणि काय करावं ते तिला सुचत नव्हतं.

वर्ग तेवढ्यापुरता बंद झाला. कॉलेजात निरोप आला.

"काय बोललात तुम्ही?" औताडे सरांनी विचारलं.

"नावं विचारली, सर. लेकरांची."

"काही दिवस जाऊ नका," एवढंच सर म्हणाले.

ते दिवस सुवार्तानं कसे काढले तिचं तिलाच माहीत. वडिलांशी बोलणं तुटक झालं होतं. आपल्याला शिकवता येत नाही, आपण फक्त पुढं पुढं करतो, असं तिला वाटायचं. बी.एड. सोडून दवाखान्यात नर्सिंगला जावं, असंही मनात येऊन गेलं.

एका दुपारी आवडाबाई, साध्या साडीत, कॉलेजच्या फाटकाशी उभी दिसली. सुवार्ता धावतच तिच्याकडे गेली.

"घाबरू नका, बाई. चार घास पोटात जायला लागलेत तिच्या. माझ्यामागं लागलीय, मास्तरीणबाईला बोलवा म्हून. नावं सांगायची हायेत म्हणती. साहेबांनी व्हय म्हटलंय, वर्गबी पुन्हा भरवा म्हणालेत."

साळूबाईच्या कपाळावर खपली धरली होती. सुवार्ता जवळ बसताच ती बोलायला लागली, जणू कुणी मधे अडवील.

"थोरला कडूबा. आधीची दोन जगली नव्हती, म्हून कडू नाव ठिवलं. सारखा माझ्या मागं मागं हिंडायचा. त्या दिशीबी हात धरून आपल्या पायानं चालत आला हिरीपातुर. धाकटी सरू. अंगावर पित व्हती." ती थांबली. "आता सांगा. कुठं जात्यात?"

आवडाबाई दोन हातांवर होती. सुवार्तानं आवाज खाली आणला नाही.

"मला हे सांगायची परवानगी नाही, साळूबाई. आणि मी काही डोळ्यांनी बघून आलेली नाही. पण मी ज्याला मानते, त्याच्याकडं बाया लेकरं घेऊन यायच्या. चेले त्यांना हाकलायला लागले तर तो चेल्यांवरच रागवायचा. लेकरांना जवळ घ्यायचा. कडूबा आणि सरू त्याच्याजवळ आहेत, असं मला वाटतं."

"अन् मी?"

"त्याला मारलं तेव्हा त्याच्या शेजारी एक गुन्हेगार होता. मरता मरता त्यानं विचारलं, मला तुझ्याबरोबर नेशील का. तो हो म्हणाला."

"व्हय?" साळूबाई म्हणाली. ती रडली नाही. तिनं लिंबाखाली बसलेल्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाली, "जावा आता. बाया खोळंबल्यात."

फाटकाशी आवडाबाई म्हणाली, "बाई, मी सगळं ऐकलं. मला वर सांगावं लागंल."

"सांगा. मीही सरांना सांगणार आहे."

तिनं सांगितलं. सर चिडले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला.

"पुन्हा तशी वेळ आली तर काय कराल?"

"माहीत नाही, सर."

"निदान खरं बोललात," ते म्हणाले. वर्ग त्यांनी तिच्याकडून काढून जहांआराला दिला. जहांआरा तिच्याच तुकडीतली, शहागंजात राहणारी. समाजकार्यात सुवार्ताला जेमतेम पास होण्यापुरते गुण मिळाले.

त्याचं तिला फार वाटलं नाही. लागलं ते वेगळंच. पुढच्या रविवारी योनाथाननी उपासनेत उभं राहून, तिनं घरी सांगितलेली ही सगळी हकिकत देवाच्या करणीची साक्ष म्हणून सांगितली. त्यांचे डोळे भरून आले होते, लोक "आमेन" म्हणत होते, आणि सुवार्ताला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

"ती तुमची साक्ष नव्हती, पप्पा," ती घरी म्हणाली. "माझीसुद्धा नव्हती. ती साळूबाईची लेकरं आहेत."

योनाथान दुखावले गेले. पण त्यांनी ती गोष्ट पुन्हा कुठं सांगितली नाही.

परीक्षेच्या आधी एकदा जहांआरा तिच्यासोबत कॅन्टीनमध्ये चहा पीत होती.

"एक बोलू का?" जहांआरानं विचारलं. "साळूबाईनं मलाबी विचारलं. तुमच्यात मेलेली लेकरं कुठं जात्यात, म्हणून."

सुवार्तानं कप खाली ठेवला.

"आवडाबाई बोलली, ती आता सगळ्यांना विचारते. डॉक्टरला विचारलं. छपराच्या कामाला मिस्त्री आला होता, त्याला विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"मैं क्या बोलती? आमच्यात म्हणतात, लहान पोरं जन्नतच्या दारात उभी राहतात. माँ-बाप आल्याशिवाय आत जात नाहीत. बोल दिया."

"आणि अट?"

"तू मोडलीस ना आधी!" जहांआरा हसली आणि हसता हसता तिनं ओढणीनं डोळे टिपले. साळूबाई अजून पाटी उलटीच धरते, पण आता बायकांच्या ओळीत येऊन बसते, असंही तिनं सांगितलं.

सुवार्ता घरी चालत गेली. तिला राग आला होता. आधी जहांआराचा, मग साळूबाईचा. तो प्रश्न देवानं आपल्याकडेच पाठवलेला होता, असं ती महिनाभर धरून बसली होती. त्यासाठी शब्द मोडला, वडिलांशी भांडली. आणि साळूबाई तर मिस्त्रीलासुद्धा तेच विचारत होती. मुकुंदवाडीच्या स्टेशनाजवळ येईस्तोवर तिला स्वतःचाच राग यायला लागला. भिंतीपाशी बसलेल्या बाईचं दुःख मोठं, की ते आपल्या वाट्याला आलं हा आपला मोठेपणा मोठा? ती फलाटावरच्या बाकावर बसली. प्रभू, तिला कुणाचं तरी उत्तर पुरू दे, अशी प्रार्थना तिला करायची होती. पण 'माझं उत्तर' हे शब्द सारखे मधे येत होते. ते गळून पडायला बरेच दिवस लागले.

निकाल लागला. छावणीजवळच्या एका मिशनच्या शाळेत जागा होती. तिथं सकाळी परिपाठातच प्रार्थना होत असे. पैठण रस्त्यावरच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेतही तिची निवड झाली. तिनं गाव घेतलं.

"तिथं तोंड बांधून किती दिवस राहशील?" योनाथाननी विचारलं. आता त्यात राग नव्हता, काळजी होती.

"माहीत नाही, पप्पा. शिकवून बघते."

जूनमध्ये ती रुजू झाली. पहिल्या महिन्यात दोनदा तिनं बदलीचा अर्ज लिहायला घेतला आणि दोन्हीदा सोडून दिला. सकाळी ती सगळ्यांच्या आधी शाळेत यायची, कुलूप काढायची, आतून दार लोटून रिकाम्या वर्गात प्रार्थनेसाठी उभी राहायची. काही दिवशी शब्द यायचे, काही दिवशी नुसतीच तगमग. तेवढ्यात बाहेर पोरांचा गलका व्हायचा, कुणीतरी दारावर धडका द्यायचं, आणि प्रार्थना झाली की नाही हे ठरायच्या आत ती दार उघडून खडू शोधायला लागायची.