बाजीराव सरांचा आकडा

“वहिनी, सरांना आधी पाणी द्या,” सरांच्या शाळेतल्या शिक्षिका सुनयनाबाई दारातूनच म्हणाल्या. रिक्षावाल्याच्या मदतीने त्यांनी बाजीराव सरांना आत आणून खाटेवर बसवलं. सरांच्या बोटांना खडू तसाच लागलेला होता.

सरांच्या पत्नी चांगुणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. दिघ्याच्या शाळेत सर इतकी वर्षं गणित शिकवत होते, पण भर दुपारी कधी घरी आले नव्हते.

“काय झालं ओ बाई? चक्कर आली का?”

“चक्कर नाही. सत्त्याण्णव सालची नवी तुकडी, पहिलाच दिवस. फळ्यावर तो आकडा लिहायला घेतला आणि मधेच थांबले. पुढचं आठवेचना. पोरं हसायला लागली.”

कोणता आकडा, हे चांगुणाबाईंना विचारावं लागलं नाही. शाळा उघडली की सर तोच लिहीत: ७३९३९१३३. सात कोटींच्या वरचा. पण एक आणि तो स्वतः सोडला, तर कशानेही भाग न जाणारा. मग उजवीकडून एकेक अंक पुसत जायचे. सात अंक उरले तरी मूळ संख्या, सहा उरले तरी मूळच. पुसता पुसता शेवटी नुसता सात, तोही मूळ. नव्या संसारात त्यांनी ही गंमत चुलीपुढच्या राखेत बायकोला दाखवली, तेव्हा ती हसून म्हणाली होती, “लई हट्टी हाय तुमचा आकडा.”

“किती लिहिला होता?” चांगुणाबाईंनी हळूच विचारलं.

“त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. पाचच अंक.”

“मंग चुकलंच म्हना की.”

सुनयनाबाईंनी मान हलवली. “नाही वहिनी. जेवढा लिहिला तेवढा बरोबर होता. त्यालाही भाग जात नाही.”

“मंग तेवढं पोरान्ला सांगा. सर चुकले न्हाईत म्हनावं.”

सर भिंतीकडे बघत होते.

ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आठवण अशीच विरत जाणार. सरांची शाळेतली नोकरी सुटली. चांगुणाबाई कंपनीत पॅकिंगला जायच्या. परत आल्या की सरांना आकडा विचारायच्या. कधी चार अंक यायचे, कधी तीन. नंतर सर नुसतेच त्यांच्या तोंडाकडे बघू लागले, तेव्हा त्यांनी विचारणं सोडलं.

माघातल्या एका संध्याकाळी त्या दारात आल्या, तर सर शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून ताठ बसले होते.

“उशीर का झाला?” आवाज वर्गातलाच, करडा. “कितवीत आहेस तू?”

चांगुणाबाई उंबऱ्यातच थबकल्या. अवो, मी चांगुणा, हे शब्द ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले.

“पयलीत हाय, सर.”

“पाटी आणली नाहीस?”

“उद्या आनते.”

“बरं. मागे नको बसूस. पुढे ये.”

चांगुणाबाईंनी डब्याची पिशवी भिंतीला टेकवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाटेपुढे फरशीवर मांडी घालून बसल्या.