रेशमीचं पंचांग

वाळल्या बोंडातून कापूस सुटताना अगदी बारीक आवाज होतो. रेशमीच्या हातून तो इतक्या सलग लयीत उमटत होता, की पौषाच्या कोवळ्या उन्हात, वडीगोद्रीच्या शिवारात, ती मला दिसण्याआधी ऐकू आली. सातपुड्यातली, बडवानीकडची ही बाई नवऱ्यासोबत कापूस वेचायला आली होती. मी उपकेंद्रातली नर्स, लशींचा डबा घेऊन मजुरांच्या पालांवर फिरणारी.

बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत तिची धाकटी होती आणि झोळी हलवत पाचेक वर्षांची थोरली उभी होती. थोरलीच्या उजव्या डोळ्यावर दुधाळ ढग कायमचा साचलेला.

"गोवर निकला था," रेशमी शांतपणे म्हणाली. "दूसरे मुलुक में थे. पहले सुई मांगी थी, तो बोले, अपने गाव जाके लो."

धाकटीचं लसीकरण कार्ड पावसात भिजून लगदा झालं होतं. माझ्यासोबतच्या आशाताई कुजबुजल्या, "मंग आता काय करावं मॅडम? कोन्ती लस झाली, काईच माहीत न्हाई."

रेशमीला त्याचा अर्थ उमगला असावा. तिनं बाळाला मांडीवर घेऊन उघडं केलं आणि अंगावरच्या एकेका जागी बोट टेकवत ती सांगू लागली. महू, म्हणजे मोहाची फुलं, टपकत होती तेव्हा जन्म, त्याच दिवशी डाव्या दंडावर. आंबे उतरले तेव्हा मांड्यांवर. मका पेरला तेव्हा पुन्हा, आणि तो गुडघ्याला लागला तेव्हा तिसऱ्यांदा.

तारखांची सवय जडलेली मी अनावर कुतूहलानं तिचे ऋतू माझ्या महिन्यांत उतरवत गेले. दंडावर पहिल्या लशीचा वण होताच. तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवरून त्यांच्या गावच्या नर्सला फोन लावला. तिनं रजिस्टर उघडून तारखा वाचल्या. चारही बरोबर जुळल्या. जन्माला नऊ महिने नुकतेच पूर्ण झाले होते, म्हणजे गोवराच्या लशीची वेळ हीच.

सुई टोचताना रेशमी बाळाकडे पाहत नव्हती. थोरलीच्या त्या डोळ्याकडे पाहत होती.

होळीआधी पालं उठली; नव्या कार्डावर मी माझा नंबर लिहून दिला होता. श्रावणातल्या एका दुपारी अनोळखी नंबरवरून तिचा आवाज आला. "दूसरी सुई भी हो गई, बहनजी." आणि मग, "तुम्हारे गाव का नाम क्या है?"

चार महिने तिनं या मातीत काम केलं होतं, आणि गावाचं नाव कुणी तिला सांगितलं नव्हतं. कशाला हवंय, असं मी विचारलं.

"बच्ची बडी होगी तो बताऊंगी."

मी नाव सांगितलं. तिनं ते अडखळत दोनदा म्हणून पाहिलं. आता त्या शिवारात तिच्या वास्तव्याची एकही खूण नाही. पण दूर डोंगरात एक मुलगी वाढते आहे, जिला या गावाचं काहीही आठवणार नाही आणि तरीही ते तिच्या आयुष्यात असेल. न आठवणाऱ्या गोष्टी माणसाला किती काळ जपत राहतात, याचं नवल मला अजून सरलेलं नाही.