गोठ्यातला खांब

गडमुडशिंगीत गुंडूअण्णाच्या कट्ट्यावर सकाळपासून दुखऱ्या पाठींची रांग लागायची. अण्णा मुळात पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला. गावात कुणाला उसण भरली की पायाळूच्या लाथेनं ती उतरते म्हणून पाठीत त्याची लाथ घ्यायला माणूस दारात हजर. पुढं त्यानं कोल्हापुरात जाऊन अॅक्युप्रेशर शिकून घेतलं, लाथेच्या जागी अंगठा आला आणि त्याचा मान आणखीच वाढला. ऊस, वैरण, म्हशी हे सगळं आपसूक बायकोच्या, अक्काताईच्या गळ्यात पडलं. त्याचं अण्णाला कधी काही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी हंबीरराव बायकोला घेऊन आला. बाई कट्ट्यावर पालथी झाली. अण्णानं मणक्याचं हाड सोडून दोन्ही बाजूंनी अंगठे वरनं खाली दाबत आणले आणि खांद्याच्या पात्याखाली थांबला.

"हितं दुखतंय न्हवं?"

"आई गं! व्हय, हितंच!"

"श्वास सोडा. सावकाश. भारं उचलून उचलून गाठ झालीया ही." अण्णानं मान वर केली आणि हंबीररावावर तोफ डागली. "काय ओ हंबीरराव, म्हस लंगडली तर डाक्टर आणता की न्हाय? मग बायकोची पाठ दाबाय लाज वाटती व्हय? नुसतं बघत बसलासा, त्याची वाटू द्या की लाज!"

कट्टा खदखदून हसला. हंबीरराव बिचारा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

पालथ्या बाईला मात्र नवऱ्याची दया आली असावी. ती तशीच म्हणाली, "अक्काताईचं बरं हाय बघा, अण्णा. घरातच डाक्टर. रोज दाबून घेत असंल."

पुन्हा सगळे हसले. अण्णाही हसला, पण त्याला एक जुनी गोष्ट आठवली. अक्काताई मागं एकदा म्हणाली होती, पाठ धरलीया ओ, जरा बघा की. तेव्हा तो तिच्यावर खेकसला होता, "बाहीर लोक बसल्यात. बायकोची पाठ दाबताना बघितलं तर त्वांडात शेण घालतील माझ्या." त्यानंतर ती कधी बोलली नाही. तिची पाठ बरी झाली, असं अण्णानं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

तेल संपलं म्हणून तो उठून आत गेला. अक्काताई घरात नव्हती. मागच्या दारातनं गोठ्यात डोकावला आणि जागीच थबकला.

अक्काताई खांबाला पाठ लावून उभी होती. डोळे मिटलेले, दात घट्ट आवळलेले. गुडघ्यात वाकून ती पाठ खांबाच्या कडेवर वरखाली घासत होती. बरोबर खांद्याच्या पात्याखाली.

तो खांब तेवढ्या उंचीवर गुळगुळीत झालेला अण्णा कितीतरी वर्षं बघत आला होता. म्हशी अंग घासतात, असं त्यानं पाहुण्यांनाही सांगितलं होतं. म्हशी पलीकडच्या दावणीला असतात, हे त्याच्या डोक्यात आज शिरलं. धरणीनं पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

अक्काताईनं डोळे उघडले आणि पदर सावरला. "च्या टाकते की. किती जण हाईत?"

"च्या ऱ्हाऊ दे. आत चल. दार लावतो, पाठ बघतो तुजी."

"दार कशाला? चोरी हाय व्हय?"

"अगं, लोक बसल्यात."

"म्हणूनच की."

ती तशीच घरातनं पुढं गेली आणि कट्ट्यावर रांगेच्या शेवटी जाऊन बसली. अण्णानं खाली मान घालून एकेक पाठ उरकली. बायकोचं काम झालं तरी हंबीरराव काही उठायला तयार नव्हता.

मग अक्काताईची पाळी आली. ती पालथी झाली. अण्णाला गाठ शोधावी लागली नाही. जिथं अंगठा ठेवावा तिथं गाठच होती. 'श्वास सोडा' असं तो गावाला दिवसभर सांगायचा, पण आता तो नुसता हलकासा अंगठा टेकवून बसला. हंबीररावाकडं बघायची छाती झाली नाही.

"अवो," अक्काताई पालथ्यानंच म्हणाली, "जरा जोरानं दाबा की. खांबाची सवय लागलीया मला."